वाहन चालवताना मोबाइल आणि हँड्स-फ्रीचा वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहन चालवताना मोबाइल वापरण्याविषयीचा कायदा कोणत्याही एका पुस्तकात सलग सापडत नाही. गुन्ह्याची व्याख्या केंद्राच्या मोटार वाहन अधिनियमात आहे, अंमलबजावणीचा तपशील केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, जागेवर भरायच्या दंडाची रक्कम राज्य सरकारची अधिसूचना ठरवते, आणि अपघात झाला तर भारतीय न्याय संहिता लागू होते. त्यामुळे "ब्लूटूथवर बोललेले चालते", "सिग्नलला फोन पाहिला तर गुन्हा नाही", "दंड भरला की विषय संपला" अशी अर्धीमुर्धी माहिती फिरत राहते. पुढील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील वाहनचालकांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

कायदा नेमकी कशाला मनाई करतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आले. त्या स्पष्टीकरणात लाल दिवा ओलांडणे, थांबण्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे, नियमबाह्य रीतीने पुढे जाणे, वाहतुकीच्या उलट दिशेने वाहन हाकणे यांच्या पंक्तीत "वाहन चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्क-उपकरणाचा वापर" हे कृत्य बसवलेले आहे.

येथे दोन बाबी नीट लक्षात घ्याव्यात. पहिली अशी, की कायद्यात "बोलणे" हा शब्द नसून "वापर" हा शब्द आहे. म्हणजे संदेश वाचणे, तो लिहिणे, रील पाहणे, गाणे बदलणे, फोटो काढणे किंवा कोणाचा फोन आला हे पाहण्यासाठी मोबाइल हातात घेणे हे सारे त्यात येऊ शकते. "मी बोलत नव्हतो, फक्त मेसेज बघत होतो" हा बचाव रस्त्यावर रोज ऐकू येतो, परंतु त्याने गुन्हा हलका होत नाही. दुसरी बाब अशी, की या स्पष्टीकरणात सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फारच खाली उतरेल अशा कोणत्याही रीतीने वाहन चालवणे, असेही एक सर्वसाधारण कलम आहे. उपकरण हातात नसले तरी चालकाचे लक्ष पूर्णपणे उडालेले असेल, तर हे दुसरे कलम उपयोगात आणता येते.

२०१९ पूर्वी काय स्थिती होती?

मोबाइलचा थेट उल्लेख त्या वेळी अधिनियमात नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये, ज्या कृत्यांमुळे परवाना निलंबित होऊ शकतो त्यांच्या यादीत, वाहन चालवताना मोबाइल वापरण्याचा समावेश होता. पण शिक्षेसाठी बरेचदा सर्वसाधारण कलम १७७ वापरले जाई, आणि त्याखाली पहिल्या गुन्ह्याला जेमतेम १०० रुपयांपर्यंत दंड होता. कायद्यातील ही पोकळी मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका निकालाने ठळक झाली. वाहन चालवताना मोबाइलवर बोलण्याला स्पष्ट मनाई करणारी तरतूद नसताना, केवळ तेवढ्यावरून राज्याच्या पोलिस कायद्यातील सार्वजनिक धोक्याचे कलम लावता येणार नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. हा निकाल आजही समाजमाध्यमांवर "न्यायालयाने परवानगी दिली" अशा मथळ्याने फिरताना दिसतो. तो २०१९ च्या दुरुस्तीपूर्वीचा आहे आणि आता त्याचा आधार घेण्यात अर्थ नाही.

हँड्स-फ्री वापरून बोलणे गुन्हा आहे का?

कलम १८४ मधील तरतूद हातात धरलेल्या उपकरणापुरती आहे. मोटारीच्या स्वतःच्या ध्वनिव्यवस्थेवर, स्टिअरिंगवरील बटण दाबून घेतलेला फोन या तरतुदीत बसत नाही. हँड्स-फ्री संभाषणासाठी या अधिनियमात वेगळी शिक्षा नाही, ही भूमिका केंद्र सरकारने लोकसभेतही मांडलेली आहे. त्यामुळे फोन खिशात किंवा स्टँडवर असताना आणि दोन्ही हात मोकळे असताना केलेल्या संभाषणाबद्दल, केवळ संभाषणासाठी, कलम १८४ खालील मोबाइल-वापराचे चलान टिकणे अवघड आहे.

स्पीकर चालू करून फोन एका हातात तोंडाजवळ धरणे मात्र हँड्स-फ्री ठरत नाही, मग फोन कानाला लावलेला असो वा नसो. मांडीवर ठेवलेला फोन दर मिनिटाला उचलून पाहिला जात असेल, तर तेथेही "हातात नव्हता" हा युक्तिवाद फार काळ टिकणार नाही.

कायद्याने सूट दिली म्हणून ही गोष्ट निर्धोक झाली, असा अर्थ मात्र काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मोबाइल वापरणाऱ्या चालकाला अपघात होण्याची शक्यता न वापरणाऱ्याच्या सुमारे चौपट असते, आणि हँड्स-फ्री उपकरणे हातातील फोनपेक्षा फारशी सुरक्षित नाहीत. याचे कारण असे, की हात मोकळे झाले तरी मन संभाषणात गुंतलेले असते. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आडवा आलेला पाहून बोलायचे थांबतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही आणि तो हिशेब विचारतच राहतो. बँकेचा हप्ता, घरातले भांडण किंवा साहेबांची विचारणा असे विषय गाडी चालवताना हँड्स-फ्रीवरही घेऊ नयेत, असे आमचे मत आहे.

दुचाकीवर इअरफोन किंवा हेल्मेटमधील ब्लूटूथ चालतो का?

ब्लूटूथ उपकरण हातात नसते, म्हणून वरील तर्क येथेही लागू होतो. तथापि दुचाकीस्वाराच्या बाबतीत ऐकू येणे हे आरशाइतकेच महत्त्वाचे असते. दोन्ही कानांत घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे इअरफोन लावल्यास मागून येणाऱ्या एसटीचा किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नाही. अशा वेळी वाहतूक पोलिस धोकादायक वाहन चालवण्याच्या सर्वसाधारण तरतुदीचा आधार घेऊ शकतात. स्वाराने संभाषण करायचेच असेल, तर ते रस्त्याचा आवाज ऐकू येईल इतपत ठेवावे.

आपल्याकडे सर्रास दिसणारा प्रकार वेगळाच आहे: फोन गाल आणि हेल्मेट यांच्या मध्ये खुपसायचा आणि मान एका अंगाला कलती ठेवून बोलत राहायचे. हेल्मेट नसेल तर हाच फोन खांदा आणि कान यांच्या कात्रीत धरला जातो. हात मोकळे आहेत म्हणून याला हँड्स-फ्री म्हणावे, असे काही जण सांगतात. हातात धरून वापरायच्या उपकरणाचाच हा वापर आहे आणि पोलिसही तो तसाच धरतात. मान कलती राहिल्यामुळे एका बाजूचा आरसा दिसत नाही आणि फोन निसटू लागला की हात आपोआप हँडल सोडतो, म्हणून काही वेळा तो हातात धरलेल्या फोनपेक्षाही घातक ठरतो. खुपसलेल्या फोनमुळे हेल्मेटचा पट्टा उघडा असेल, तर कलम १९४ डी खाली १००० रुपये दंड आणि तीन महिन्यांची परवाना-अपात्रता हे आणखी वेगळे.

रस्ता शोधण्यासाठी नकाशा वापरता येतो का?

होय. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून, वाहन चालवताना हातातील संपर्क-उपकरण केवळ मार्ग शोधण्यासाठी, तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा मिळाली. वाक्यातील "केवळ" आणि "एकाग्रता" हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा, की फोन स्टँडवर पक्का बसवावा, ठिकाण निघण्यापूर्वी टाकावे आणि आवाजी सूचना चालू ठेवाव्यात. स्टँड काचेच्या मधोमध लावल्यास पादचारी किंवा लहान मूल त्यामागे झाकले जाऊ शकते, म्हणून तो डॅशबोर्डवर खालच्या बाजूस असावा. वाटेत ठिकाण बदलायचे असेल तर ते काम शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्यावे किंवा गाडी बाजूला घ्यावी. नकाशा उघडा ठेवून त्यावर येणारे संदेश वाचत जाणे या सवलतीत बसत नाही. दुचाकीच्या हँडलवर लावलेल्या फोनलाही हेच निकष लागू होतात.

लाल सिग्नलवर किंवा वाहतूक कोंडीत गाडी उभी असताना फोन पाहिला तर?

कायद्यातील शब्द "वाहन चालवताना" असे आहेत, आणि सिग्नलसाठी काही सेकंद थांबलेला चालक वाहन चालवण्याच्या क्रियेतच आहे, असे अंमलबजावणी करणारी यंत्रणा धरते. हे धरणे आम्हाला रास्त वाटते. हिरवा दिवा लागताच मागच्यांचे हॉर्न सुरू होतात, चालक दचकून फोन मांडीवर टाकतो आणि डावीउजवीकडे न पाहता क्लच सोडतो; झेब्रा पट्ट्यांवर मागे राहिलेली आजीबाई नेमकी त्याच क्षणी गाडीसमोर असते. सिग्नलवरील कॅमेरेदेखील नेमके थांबलेल्या गाड्यांच्या काचांवर रोखलेले असतात.

फोन घेणे आवश्यक असेल तर गाडी वाहतुकीच्या प्रवाहाबाहेर, जेथे थांबण्यास मनाई नाही तेथे उभी करावी, इंजिन बंद करावे आणि मगच बोलावे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मात्र कडेच्या पट्टीवर फोनसाठी थांबणे हा उपाय नाही. ती पट्टी बिघाड आणि आपत्तीसाठी राखलेली असून तेथे उभ्या असलेल्या वाहनांवर मागून येणारी वाहने आदळल्याचे अनेक अपघात झालेले आहेत. तेथे फूड मॉल किंवा पेट्रोल पंपापर्यंत धीर धरावा.

दंड किती आहे?

अधिनियमानुसार पहिल्या गुन्ह्याला किमान सहा महिने आणि कमाल एक वर्ष कारावास, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणे न्यायालयात जात नाहीत, कारण कलम २०० राज्य सरकारला काही गुन्हे तडजोड शुल्क घेऊन मिटवण्याचा अधिकार देते. या कलमातील एक बारकावा फारसा कोणाच्या वाचनात येत नाही: कलम १८४ खालील इतर धोकादायक कृत्ये जागेवर दंड भरून मिटवता येत नाहीत, फक्त हातातील संपर्क-उपकरणाच्या वापरापुरतीच ती मुभा आहे. महाराष्ट्राने वाढीव शुल्काची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये लागू केली. त्यानुसार दुचाकीस्वाराला पहिल्या वेळी १००० रुपये भरावे लागतात, आणि चारचाकी व अन्य मोठ्या वाहनांसाठी रक्कम त्याहून अधिक आहे. शुल्क अधिसूचनेने बदलू शकते, त्यामुळे चलानावरील रकमेची महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर खातरजमा करावी.

दंड भरला की प्रकरण संपते का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

कलम २०६ च्या पोटकलम ४ नुसार, कलम १८४ खालील गुन्हा घडला आहे असे मानण्यास कारण असेल, तर पोलिस अधिकाऱ्याने चालकाचा परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बोलीत आरटीओकडे, पाठवायचा असतो. परवाना घेताना पोचपावती दिली जाते. परंतु परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर वाहन चालवता येत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्यानंतर आरटीओ चालकाला बाजू मांडण्याची संधी देते. समाधान झाले नाही तर, कारणे लेखी नोंदवून, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवण्याचा आणि पुढच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द करण्याचा आदेश कलम १९ खाली देता येतो. या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. निलंबनाची मुदत संपल्यावर परवाना आपोआप हातात पडत नाही. त्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

आता कलम २०० कडे पुन्हा वळू. तडजोड शुल्क भरल्याने कलम २०६ (४) खालील परवान्याच्या कारवाईतून किंवा उजळणी प्रशिक्षणाच्या जबाबदारीतून सुटका होत नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे एक-दोन हजार रुपये हा या गुन्ह्याचा सर्वांत स्वस्त भाग आहे. कॅबचालक, टेम्पोचालक किंवा डिलिव्हरी करणाऱ्या मुलासाठी तीन महिने परवाना नसणे म्हणजे तीन महिने रोजगार नसणे होय. अपात्रतेच्या काळात वाहन चालवताना सापडल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच सर्व राज्यांना, मोबाइल वापरणाऱ्या चालकांचे परवाने किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करण्याचे निर्देश दिले होते. प्रत्येक चलानामागे परवाना जप्त होतोच असे नाही, हे खरे. पण तसे होणे हा पोलिसांचा आततायीपणा नसून कायद्याचा सरळ अर्थ आहे.

पोलिसांनी थांबवले नाही, तरी चलान कसे आले?

अधिनियमाच्या कलम १३६ ए आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ ए मुळे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यावर चलान देता येते, आणि त्या नियमातील गुन्ह्यांच्या यादीत हातातील मोबाइलचा वापर स्पष्टपणे आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या धोकादायक टप्प्यांवर, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत आणि नियमासोबत दिलेल्या यादीतील १३२ शहरांत अशी यंत्रणा बसवायची आहे. त्या यादीत महाराष्ट्रातील १९ शहरे असून ही संख्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू आहे.

२०२१ च्या नियमाने चालकाच्या बाजूनेही काही अटी घातल्या. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. कॅमेऱ्याने नजर ठेवली जात आहे, हे सांगणारे फलक रस्त्यावर हवेत. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची असते आणि तिच्यासोबत गुन्हा व वाहन क्रमांक दिसणारा पुरावा, ठिकाण, दिनांक आणि वेळ असायला हवी.

चलान चुकीचे आहे, किंवा गाडी दुसऱ्याच कोणी चालवत होते. काय करावे?

प्रथम छायाचित्र पाहावे. चालकाच्या हातात फोन आहे की पाण्याची बाटली, की तो कान खाजवतो आहे, हे बऱ्याचदा छायाचित्र मोठे केल्यावरच कळते. चूक दिसल्यास महाट्रॅफिक अ‍ॅपवरील तक्रार सुविधेतून छायाचित्राचा संदर्भ देऊन आक्षेप नोंदवावा. तो फेटाळला गेला आणि आपण दंड भरण्यास नकार दिला, तर प्रकरण न्यायालयात जाते आणि तेथे बाजू मांडता येते. गुन्हा मान्य नसताना "कटकट नको" म्हणून शुल्क भरणे सोपे वाटते, परंतु तीन वर्षांच्या आत दुसरे चलान आले तर पहिल्याची नोंद आपल्याच विरोधात उभी राहते.

वाहन मालकाच्या नावे चलान येते, कारण कॅमेऱ्याला क्रमांक दिसतो. गाडी मुलगा, चालक किंवा मित्र चालवत असेल, तर कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर त्या व्यक्तीचे नाव आणि परवान्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. विकलेल्या पण नावावर न झालेल्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार होतो. तेथे आधी आरटीओत हस्तांतरण पूर्ण करणे हाच मार्ग आहे.

पोलिस कर्मचाऱ्याने स्वतःच्या खासगी मोबाइलवर छायाचित्र काढून नंतर सवडीने चलान टाकल्याच्या तक्रारी राज्यात बऱ्याच होत्या. तसे करू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने २०२५ मध्ये दिलेली आहे.

मोबाइल वापरताना अपघात झाला तर कोणती कलमे लागतात?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. निष्काळजीपणे वाहन चालवून मानवी जीवित धोक्यात आणल्यास कलम २८१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. कोणाला गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ (ब) खाली तीन वर्षांपर्यंत, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी तरतूद आहे. जुन्या कायद्यात मृत्यूसाठीची ही कमाल मर्यादा दोन वर्षे होती.

फोन चालू होता की नाही, हे केवळ साक्षीदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहत नाही. दूरसंचार कंपनीच्या कॉल-नोंदींत संभाषणाची वेळ सेकंदांपर्यंत असते आणि ती अपघाताच्या वेळेशी ताडून पाहता येते. हँड्स-फ्री संभाषणही त्या नोंदीत तसेच उमटते. म्हणजे रस्त्यावर ज्या संभाषणाबद्दल चलान झाले नसते, तेच संभाषण न्यायालयात चालकाचे लक्ष नव्हते हे दाखवण्यासाठी पुढे येऊ शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात मोबाइल-वापरामुळे १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू नोंदले आहेत. हे आकडे वास्तवाहून बरेच कमी असावेत, असे मानण्यास जागा आहे. पंचनाम्यात टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गाडीचे नुकसान हे सारे लिहिले जाते. चालकाच्या सीटखाली घसरलेल्या फोनच्या पडद्यावर काय उघडे होते, हे सहसा लिहिले जात नाही.

अंतराचा हिशेबही येथेच करून ठेवावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. संदेशावर चार सेकंद नजर खिळली तर ६५ मीटरहून अधिक रस्ता न पाहता कापला जातो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने हेच अंतर ११० मीटरपर्यंत जाते.

विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते का?

जखमी किंवा मृत झालेल्या तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्याबाबत विमा कंपनीला मोजकेच बचाव उपलब्ध असतात, आणि चालक मोबाइल वापरत होता हा त्यांपैकी नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीच्या अटींनुसार तपासला जातो. याउलट बाजूही पाहावी: मोबाइलवर बोलणारा दुचाकीस्वार स्वतः जखमी झाला आणि त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली, तर अपघातास त्याचाही हातभार होता असे ठरवून भरपाईची रक्कम कमी केली जाऊ शकते.

ज्यांचा धंदाच फोनवर चालतो, त्या रिक्षा, कॅब आणि डिलिव्हरी चालकांनी काय करावे?

कायद्यात व्यवसायासाठी वेगळी सूट नाही. स्टँडवरील फोनवर मार्ग पाहण्याची मुभा त्यांनाही इतरांइतकीच आहे, परंतु चालू गाडीत नवे भाडे स्वीकारण्यासाठी पडद्यावर बोट फिरवणे किंवा ग्राहकाला "बिल्डिंगच्या खाली या" असे सांगण्यासाठी फोन कानाला लावणे त्या मुभेत येत नाही. या बाबतीत सगळा दोष चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. काही सेकंदांत ऑर्डर स्वीकारली नाही तर ती दुसऱ्याकडे जाईल अशी अ‍ॅपची रचना असेल, आणि ग्राहक तीन मिनिटांत तीन फोन करत असेल, तर चालकावर नियम मोडण्याचा दबाव तेथूनच येतो. आपली ऑर्डर किंवा कॅब नकाशावर पुढे सरकताना दिसत असेल, तर ग्राहकाने त्या वेळी फोन न करणे एवढे तरी त्याच्या हातात आहे.

सार्वजनिक वाहतुकीत नियम अधिक कडक आहेत. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट मार्गावरील ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याची चित्रफीत एका प्रवाशाने परिवहन मंत्र्यांपर्यंत पोहोचवली. तो चालक खासगी पुरवठादार संस्थेकडे नोकरीस होता. त्याला कामावरून काढण्यात आले आणि संस्थेला ५००० रुपये दंड झाला. प्रवाशांनी अशी चित्रफीत काढताना चालकाशी वाद घालून त्याचे लक्ष आणखी विचलित करू नये. बसचा क्रमांक, मार्ग आणि वेळ नोंदवून आगाराकडे तक्रार करावी.

पोलिस स्वतः मोबाइलवर बोलत गाडी चालवत असतील तर?

त्यांनाही हाच कायदा लागू आहे. किंबहुना कलम २१० बी नुसार, अधिनियमाची अंमलबजावणी करणाऱ्यानेच गुन्हा केल्यास त्याला दुप्पट दंड होतो.

आपत्कालीन परिस्थितीत फोन करता येतो का?

कलम १८४ मध्ये आपत्कालीन फोनसाठी लेखी अपवाद नाही. ११२ किंवा १०८ ला फोन करायचा असेल तर गाडी थांबवावी. अपघातस्थळाचा नेमका पत्ता, जवळचा किलोमीटर दगड किंवा जाण्याची दिशा ही माहिती थांबूनच नीट देता येते. सोबत कोणी असेल तर फोन त्यानेच करावा, कारण प्रवाशाने फोन वापरण्यास कसलीही मनाई नाही.

अल्पवयीन मुलगा मोबाइल वापरत गाडी चालवताना सापडला तर?

तेथे मोबाइलचा मुद्दा दुय्यम ठरतो. कलम १९९ ए नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

परवाना आणि गाडीची कागदपत्रे मोबाइलवरच असतील, तर ती दाखवण्यासाठी फोन काढलेला चालतो का?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागदपत्रे मूळ कागदपत्रांप्रमाणेच ग्राह्य आहेत. पोलिसाने हात दाखवताच, गाडी चालू असतानाच फोन शोधू लागणे मात्र टाळावे. गाडी कडेला उभी करून, इंजिन बंद करून मग फोन काढावा.

गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात नियम वेगळे आहेत का?

गुन्ह्याची व्याख्या केंद्रीय कायद्यात असल्यामुळे ती सर्वत्र सारखीच आहे. तडजोड शुल्क मात्र प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. सावंतवाडीहून बांद्याची हद्द ओलांडून पेडण्यात शिरल्यावर रक्कम बदलू शकते, गुन्हा बदलत नाही. परवाना जेथून काढला असेल तेथील आरटीओकडे कारवाईसाठी प्रकरण पाठवता येते, त्यामुळे "बाहेरच्या राज्यातले चलान आपल्याकडे पोहोचत नाही" या समजुतीवर विसंबू नये.

परदेशात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी चालकांनी काय लक्षात ठेवावे?

तेथील नियम बरेचदा अधिक काटेकोर असतात आणि अंमलबजावणीही होते. ब्रिटनमध्ये २५ मार्च २०२२ पासून फोन हातात घेऊन केलेला जवळपास कोणताही वापर, फोटो काढणे किंवा गाणे बदलणे धरून, गुन्हा आहे. सिग्नलवर थांबलेले असतानाही तो लागू होतो. शिक्षा २०० पौंड आणि परवान्यावर सहा दंड-गुण अशी आहे. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील तर सहा गुणांनी परवानाच रद्द होतो, आणि भारतातून जाऊन तेथे नव्याने परीक्षा दिलेला विद्यार्थी नेमका याच गटात असतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१९ पासून मोबाइल ओळखणारे कॅमेरे रस्त्यांवर असून ते वरून थेट चालकाच्या मांडीपर्यंतचे चित्र टिपतात. संयुक्त अरब अमिरातीत दंड ८०० दिरहम आणि चार काळे गुण असा आहे. भाड्याच्या गाडीवर आलेला दंड भाडेकंपनी आपल्या कार्डावरून परस्पर वसूल करू शकते आणि त्यावर स्वतःचे शुल्कही लावू शकते, म्हणून करारातील ते कलम गाडी घेण्यापूर्वीच वाचावे.